ऐंशी रुपयांत किनवट, आणि एक तांब्या पाणी

प्रवासवर्णन म्हणलं की तुम्ही बरफाची वाट बघत बसला असाल. होडी, धुकं, डोंगरावरचा सूर्य, आणि तो सूर्य बघून लेखकाला आलेलं रडू. तसलं पायजे असंल तर पान उलटा, मागं शिलाई मशीनची जाहिरात असंल, ती वाचा. आम्ही गेलो किनवटला. हसू नका. तुम्ही गेलाय का किनवटला? न्हाई ना? मग ऐका.

आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून दोन कोसावर. लातूर त्या वेळी नवंनवं जिल्हा झालं होतं आणि पावसानं त्याच साली तोंड फिरवलं. जिल्हा आला, पाणी गेलं. श्रावणातच विहिरीचा तळ दिसायला लागला आणि दसऱ्याला टँकर सुरू झाला.

माझा दोस्त भीमराव. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याचं घर बौद्धवाड्यात, माझं वरच्या गल्लीत. त्याची धाकटी बहीण सुनंदा आठवीला होती. डोक्यानं अशी की मास्तर गणितात अडकले तर हळूच तिच्याकडं बघायचे. पण दसऱ्यापासून तिनं शाळेचं तोंड बघितलं न्हवतं. आई, म्हणजे आमची सोजरमावशी, रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. मग टँकरच्या लाईनीत घागर घेऊन बसणार कोण? सुनंदा.

भीमरावचा मामा किनवटला वसतिगृहात गृहपाल होता. जंगलातल्या गावांची पोरं तिथं राहून शिकायची. सुनंदाला मामानं आपल्या घरी ठेवून घ्यावं, तिथल्या शाळेत घालावं, एवढंच सोजरमावशीचं म्हणणं. दोनदा चिठ्ठी लिहून झाली. दोन्ही वेळा उत्तर आलं, बघू. मग तिनं ठरवलं की समक्ष जाऊन विचारायचं. पण भीमराव मुखदुर्बळ. म्हणून ती मला म्हणली, तू जा संगं, तुझं तोंड चालतंय.

माझं तोंड चालतंय हे खरं हाय. गावात असा माणूस न्हाई ज्याचा आवाज मी काढला न्हाई. सरपंच, टँकरवाला, पोस्टमन, पोस्टमनची सायकल.

पैसे ऐंशी. सुट्टीत पाझर तलावावर दोघांनी माती वाहिली, त्याचे. त्यात दोघांचं जाणं, येणं, चार दिवस. भीमरावनं वहीच्या पाठीमागं बेत लिहिला. हॉटेलात पाय ठेवायचा न्हाई. चहा विकत घ्यायचा न्हाई. आणि सगळ्यात मोठं कलम माझं होतं: कुणावर भार टाकायचा न्हाई. म्हणून माझ्या आईनं उसनं दूध आणून दशम्या करून दिल्या. दुधात मळलेल्या भाकरी, चार दिवस बिघडत न्हाईत. पाण्यासाठी पाच लिटरचा रॉकेलचा कॅन घेतला. धुवायला पाणी न्हवतं म्हणून राखेनं घासला. चार वेळा घासला. तरी त्यातलं पाणी पिलं की वाटायचं, आता काडी दाखवली तर पेट घेईन मी.

लातूर

लातूर वाटेत न्हवतं. पण जिल्हा कसा दिसतो ते बघायचं म्हणून मी हट्ट धरला, आणि बेताला पहिलं भोक पडलं. स्टँडवर उतरलो तर माणसं तीच, खड्डे तेच, भज्याचा वास तोच. फरक एवढाच की जो तो जरा छाती काढून चालत होता. रिक्षावाला सुद्धा ‘कुठं जायचं’ असं न म्हणता ‘कोणत्या कचेरीत जायचं’ असं विचारायचा.

एका भिंतीला नवी पाटी टेकवून ठेवली होती. उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर. मी भीमरावला म्हणलं, थांब, जिल्ह्याला पाठ टेकवून जरा दम खातो. रंग ओला होता. पुढचे चार दिवस मी जिल्हा पाठीवर घेऊन हिंडलो.

नांदेडच्या गाडीत कंडक्टरनं कॅनकडं बोट केलं. हे काय? म्हणलं, पाणी. त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. मी हुज्जत घातली की पाण्याला कुठं तिकीट असतंय. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणला, “वय सांगा. बारा वरसाच्या आत असंल तर अर्धं लावतो.” सगळी गाडी हसली. नकलाकाराची मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातून फजिती झालेली बघितली, आणि ती माझीच होती.

नांदेड

आता मी जे सांगणार ते वाचून नांदेडची माणसं हसतील. हसू दे.

गोदावरी. नकाशात मी तिला लई वेळा निळी काढली होती. पण घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहिलो आणि पहिली गोष्ट मी काय केली असंल? लाईन शोधली. एवढं पाणी हाय म्हणजे कुठंतरी घागरी मांडलेल्या असणार, कुणीतरी भांडत असणार, एखादा माणूस काठी घेऊन राखण करत असणार. कुणीच न्हवतं. पाणी आपलं उघड्यावर पडलेलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि निघून चाललेलं. कुणी त्याला ‘थांब’ म्हणत न्हवतं. एक माणूस नदीत उभा राहून म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. मारतोय, मारतोय. भीमराव माझा दंड धरून म्हणला, “बाल्या, ती म्हैस आपल्या सरपंचापेक्षा सोच्छ हाय.” एरवी मी हसलो असतो. पण मी अजून लाईनच शोधत होतो. आम्ही तिथं किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. रुमाल डोक्याला बांधायचा, बूट-चपला बाहेर ठेवायच्या आणि पंगतीत बसायचं. माझ्या एका बाजूला गॉगल खिशात ठेवलेला शेठ, दुसऱ्या बाजूला हमाल. ताट सगळ्यांना एकसारखं. डाळ, भाजी, पोळी, वरून खीर. पोळी दोन्ही हात पसरून घ्यायची असती, हे मला शेठनं शिकवलं. पाण्याची बादली घेऊन एक उंच सरदारजी आले. मी सवयीनं वाटीवर हात आडवा धरला. त्यांनी माझा हात असा उचलून बाजूला ठेवला, जसं पोराच्या ताटावरची माशी उडवावी, आणि वाटी काठोकाठ भरली. परत आले, परत भरली. एवढी माणसं, कुणाला कुणाचं नाव माहीत न्हाई, आणि कुणी विचारून बी राहिलं न्हाई. गावात लग्नाच्या पंगतीत सुद्धा वाढप्याला माणूस बघून हात आखडता घेताना मी बघितलंय. त्या दिवशी जेवताना मला उगीच मोठ्या माणसासारखं वाटलं. रात्री तिथंच आवारात पाठ टेकली. एक पैसा लागला न्हाई.

किनवट

मुदखेडला गाडी बदलली आणि पुढं खिडकीतून हिरवं सुरू झालं. आमच्याकडं हिरवं म्हणजे शाळेचा दरवाजा. इथं डोंगरच्या डोंगर सागाचे. सागाचं एक पान म्हणजे सूप. त्यात बाळ निजवावं एवढं. आगगाडी जंगलातून चालली की पानं खिडकीला घासायची, आणि मी वेड्यासारखा हात बाहेर काढून प्रत्येकाला हात लावायचो.

मामांचं घर वसतिगृहाच्या आवारातच होतं. आवारात पाण्याचा हौद, वर नळ, आणि नळ उघडाच सोडलेला. मी धावत जाऊन बंद केला. एका पोरानं परत उघडला. मी परत बंद केला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की हा माणूस कुठून सुटून आला. भीमरावनं तर दारात पिशवी टाकली, मामा-मामींच्या पाया पडला आणि टॉवेल घेऊन जो पळाला तो हौदाकडं. श्रावणापासून त्यानं अख्खी बादली अंगावर घेतली न्हवती.

बैठकीत मी आणि मामा. उंच माणूस, पांढरा सदरा, नाकावर चष्मा. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मला म्हणले, “ये रे पोरा, बस.” मामी तांब्या घेऊन आल्या. पितळी, लखलखीत घासलेला, वर फुलपात्र, आणि पाणी काठापर्यंत.

आता आमच्या गावची रीत सांगतो. दुष्काळात पाहुणा पाणी पीत न्हाई. घरची बाई तांब्या पुढं करती, कारण न करणं बरं दिसत न्हाई. पाहुणा म्हणतो, आत्ताच पिऊन आलो. बाई म्हणती, घोटभर तरी घ्या. पाहुणा छातीवर हात ठेवून म्हणतो, जागाच न्हाई. मग तांब्या आत जातो आणि दोघांची इज्जत राहती. तोच तांब्या दिवसभर दहा पाहुण्यांना दर्शन देऊन संध्याकाळी भरलेला रांजणात परत. ज्यानं खरंच पिलं, त्याला गाव वरसभर हावरा म्हणतं.

तर मी शहाण्या माणसासारखा छातीवर हात ठेवला. पिऊनच आलो. मामी म्हणल्या, घ्या थोडं. म्हणलं, जागाच न्हाई.

मामांनी चष्मा वर सरकवला. “आडनाव काय तुझं?”

“बिराजदार.”

“बहिणीच्याच गावचे?”

“हाव. वरच्या गल्लीत.”

“बरं. बसा,” मामा म्हणले.

आधी ‘बस’ होतं, आता ‘बसा’ झालं. मला वाटलं, मान वाढला माझा.

मग मामींनी चहाचं विचारलं. चहाला बी पाणी लागतंच की, म्हणून तो बी नको म्हणलं. जेवायला वाढू का म्हणल्या, तर मी मोठ्या तोऱ्यात पिशवी सोडली. आमचं जेवण आमच्याजवळ हाय, तुम्ही तकलीफ घेऊ नका. दशमी काढली, चटणी काढली. घास अडकला म्हणून कॅन काढला आणि मामांच्या समोर, त्यांच्या भरलेल्या तांब्याच्या शेजारी बसून रॉकेलच्या वासाचं पाणी गटगट पिलो. स्वतःवर इतका खूश होतो मी. भार टाकायचा न्हाई हे कलम तंतोतंत पाळून राहिलो होतो.

मामी स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या. मामा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं भीमराव आला. केस ओले, पण तोंड उतरलेलं. मला हाताला धरून घराच्या मागं सागाखाली नेलं. मामा त्याला हौदावरच भेटले होते आणि म्हणले होते, सुनंदाचं जमायचं न्हाई, घरात जागा न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं निघा.

“तू मामाच्या घरचं पाणी पिला न्हाईस?” भीमरावनं विचारलं.

मी म्हणलं, अरे, आपल्याकडं कुणी पितंय का? भीमरावनं पायानं पाला उकरला.

“मला कळतंय. मामाला कसं कळंल? मामा शाळेत होता तवा त्याला वरून ओतायचे. हाताची ओंजळ करून. भांड्याला हात लागू द्यायचे न्हाईत. तवापसून ‘नको, पिऊन आलो’ म्हणणाऱ्याचा आवाज मामा डोळे झाकून ओळखतो. आन् तू दशमी बी घरची काढलीस. पाणी बी घरचं. बाल्या, तू निस्तं माणसासारखं एक फुलपात्र पिलं असतंस तर सुनंदा शाळेत गेली असती.”

सागाची पानं वर मोठमोठी हलत होती. मघाशी लई भारी वाटली होती. आता वाटलं, एक तोडून तोंडावर घ्यावं.

मामा वसतिगृहाच्या ओसरीत पोरांची संध्याकाळची हजेरी घेत होते. मी माफी मागायला गेलो. पण खांबाजवळ उभा राहिलो आणि माझं चालतं तोंड बंद पडलं. काय म्हणू? मी तसला न्हाई? तसले सगळे हेच म्हणतात. हजेरी संपली तशी पोरांनी मला ओळखलं. भीमरावनं हौदावर त्यांना सांगून ठेवलं होतं की हा नकला करतो. चालू झाले, दादा दाखवा, दादा दाखवा. मामांनी वही मिटली. न्हाई म्हणले न्हाईत, हो बी म्हणले न्हाईत.

मी टँकरवाला काढला. तो गिअर टाकतो तसा घशातून गिअर टाकला. पोरं लोळली. आणि मग, ठरवून न्हाई, माझ्या अंगातून आपोआप पाहुणा निघाला. पाहुणा मी, घरची बाई मी, तांब्या सुद्धा मीच. घ्या की. आत्ताच पिऊन आलो. घोटभर. जागाच न्हाई. पाहुणा ओठ चाटतोय, जीभ आत ओढून घेतोय, तांब्याकडं न बघता तांब्याकडं बघतोय. बाई मनात म्हणतीय, पिऊ नको रे बाबा, आणि तोंडानं म्हणतीय, असं कसं. तांब्या आत गेला की दोघंबी सुस्कारा सोडतात. पोरांना हे इतकं इचित्र वाटलं की ती एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पाणी असून पीत न्हाईत? एकानं विचारलं, मग तुमच्याकडं माणसं जगतात कशी?

मी तिथंच थांबायला पायजे होतं. पण मग सुनंदा काढली. लाईनीत घागर मांडून बसलेली. हातात चुन्याचा खडा. घागरीच्या पोटावर गणित करती. लाईन सरकली की घागर उचलायची, दोन पावलं, परत मांडायची, परत पुढची ओळ. नंबर आला की पाणी सांडून गणित पुसून जातं. मी नुस्ता हात हवेत धरून लिहीत होतो. पोरं हसायची थांबली.

मामा उठून जवळ आले.

“घागरीवर?”

“हाव. चुन्यानं.”

“पुसत असंल की.”

“ती म्हणती, डोक्यात गेल्यावर पुसलं तर पुसू दे.”

मामांनी हजेरीची वही काखेत मारली. मग म्हणले, “मी तुला आडनाव विचारलं. तहान लागली का ते विचारलंच न्हाई.” आणि घराकडं वळून, “ये.”

मामींनी तोच तांब्या भरून आणला. ह्या खेपेला काही बोलल्या न्हाईत, नुस्ता पुढं धरला. मी फुलपात्र बाजूला ठेवलं आणि तांब्याच तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. गार, जंगलाच्या झऱ्याचं, आणि कशाचाच वास न्हाई. मला माहीतच न्हवतं की पाण्याला वास नसतो. दुसरा तांब्या पिलो. तिसरा पिलो. मामी म्हणल्या, “अवो, हा मरून जाईल,” आणि तोंडाला पदर लावला. रात्री ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि रानातली कुठलीशी भाजी. माझ्या दशम्या मामांनी मागून घेतल्या. आमच्याकडच्या दुधाची चव लई वरसांनी आली म्हणले.

सुनंदाचा निकाल सकाळी लागला, आणि तो मामींनी दिला. भाकरी थापता थापता, पाठमोऱ्या. माझ्याजवळ झोपंल ती, जागेचं काय घेऊन बसलात, बुधवारपर्यंत आणून सोडा. भीमराव चुलीसमोर उभा होता तसाच खाली बसला.

मग मामांनी आम्हाला जंगल दाखवलं. काय सांगू? सागाच्या पानांतून ऊन असं खाली येतं की जमिनीवर कुणी परकराची छिटं वाळत घातलीत असं वाटावं. दगडाच्या फटीतून एक झरा निघून राहिला होता, करंगळीएवढा. कुणी खणला न्हाई, कुणी मंजूर केला न्हाई, कुणाच्या नावावर न्हाई. आपला निघतोय. आदिवासी बायका मोळ्या घेऊन जाताना तिथं वाकून ओंजळीनं पाणी पीत होत्या आणि पुढं जात होत्या. पुढच्या बाईनं मागचीसाठी पाला बाजूला करून ठेवायचा, एवढीच तिथली रीत. मी गुडघ्यावर बसलो. पाणी दगडातून येताना आवाज करतं. मी साऱ्या गावाचा आवाज काढतो, पण हा काढून बघितला, जमला न्हाई. अजून बी जमत न्हाई.

गावात

येताना कॅन मामांकडंच सोडला, त्यामुळं लगेजचं तिकीट वाचलं आणि ऐंशी रुपयांत बसलो. सुनंदा बुधवारी गेली. भीमरावच सोडून आला. आता सगळं गोड झालं म्हणून तुम्ही पान मिटणार असाल, तर जरा थांबा.

भीमरावनं आईला झालेलं सगळं सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायला गेलो, अंगणातून हाक मारली. सोजरमावशी दारात आली. कामावरून आलेली, हातावर खडीची धूळ.

“माझ्या भावाच्या घरी तीन तांबे पिलास म्हणं.”

“हाव मावशी.”

“लई चांगलं केलंस. आता मला सांग, दुष्काळ कवापसून हाय?”

“औंदापसून.”

“आन् भीमरावसंगं कवापसून हिंडतोस?”

“पहिलीपसून.”

“मग मधली सगळी वरसं कुणी तोंड शिवलं होतं तुझं? तवा आडाला पाणी हुतं. रांजण भरलेला असायचा. मी हितंच दारात असायचे. तू अंगणातनं हाक मारायचास, भीम्या चल, आन् निघायचास. खेळून घामाघूम यायचास, आन् पाणी प्यायला पळत तुझ्या घरी जायचास. एकदा तरी म्हणलास, मावशी पाणी दे?”

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. न्हाई.

“मी तुला कधी दिलं न्हाई, ती माझी चूक. मला वाटायचं, पोरगं न्हाई म्हणंल, कशाला तोंड वाईट करा. पर तू? साऱ्या गावाचे आवाज काढतोस, आन् एवढं एक वाक्य तोंडातनं निघंना झालंय तुला इतकी वरसं? आगगाडीत बसून, जंगल पार करून पाणी प्यायला गेलास. माझं दार तुझ्या दारापसून किती पावलं हाय? सांग.”

मी खाली बघितलं.

“खाली काय बघतोस? जा घरी. तुझ्या उंबऱ्यापसून चालत ये, मोजत ये. आन् अंगणात थांबायचं न्हाई. मी हाय हितंच.”